कुठली भाषा शिकू?

गेल्या दिवाळीत आमच्या घरात भाषेवरून भांडण झालं. मराठी-हिंदी नव्हे, आणि इंग्रजी माध्यम की मराठी माध्यम हेही नव्हे (तो वाद आमच्याकडे तीस वर्षांपूर्वीच झाला आणि मी हरले). भांडण होतं पीएचपी, पायथॉन आणि जावास्क्रिप्ट यांच्यावरून! फराळाची ताटं तशीच पुढ्यात, चकल्या मऊ पडताहेत, आणि एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला नात, तर फोनच्या स्पीकरवर माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आता इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. तिघं तीन भाषांचे वकील. मी विचारलं होतं इतकंच, की मला एक वेबसाइट स्वतः बनवायची आहे, तर त्यासाठी कुठली भाषा शिकू?

"मावशी, तू कशाला शिकतेस? मी दोन दिवसांत करून देतो की," भाचा म्हणाला. त्याचा धंदाच तो. पण मला करून नको होतं. एकदा करून घेतलं होतं. त्याचं काय झालं ते आधी सांगते, म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी ही अवदसा का आठवली ते कळेल.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला मराठी शिकवत होते. १९७९ साली सातवीच्या वर्गात 'भाजीपाला' हा शब्द आला आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हंजी माळवं." वर्ग हसला. मी हसले नाही, कारण माझी आजीही माळवंच म्हणायची आणि बी.ए. होईपर्यंतच्या चार वर्षांत तो शब्द माझ्या तोंडून कधी गळून पडला ते मलाच कळलं नव्हतं. त्या शनिवारी मी गृहपाठ दिला. घरी जायचं, आजीला नाहीतर आजोबांना विचारून पुस्तकात नसलेला एक शब्द आणायचा. चिठ्ठीवर शब्द, त्याचा अर्थ आणि साल. बस्स. हा गृहपाठ पुढे मी निवृत्त होईपर्यंत चालला. तेव्हा गावोगाव विजेचे पंप आले होते, मोटा बंद पडून गोठ्यामागे पडल्या होत्या, आणि मोटेबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळं असे कितीतरी शब्द चालले होते. मुलांना ती वस्तू ठाऊक नव्हती, पण आजोबांना विचारल्यावर आजोबा तासभर बोलत. काही चिठ्ठ्यांच्या पाठीमागे चित्रंसुद्धा आहेत. २००८ साली मी निवृत्त झाले तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत तीन हजारांच्या वर चिठ्ठ्या होत्या.

हे (म्हणजे आमचे हे) एस.टी.तून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांना शब्दांचं फारसं नव्हतं, पण रकान्यांचं प्रेम फार. २०१० साली तालुक्याच्या गावातल्या एका संगणकवाल्याकडून आम्ही एक साइट करून घेतली. शब्द टाकायला एक पान होतं. ह्यांनी युनिकोडमध्ये टायपिंग शिकून घेतलं आणि सकाळी चहानंतर चिठ्ठ्या टाकायला लागले. साल मात्र उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवरून इंग्रजी आकड्यांत टाकायचे, हात बसलेला होता ना. तीन वर्षांत नऊशेच्या वर शब्द झाले. आणि टाकून झालेल्या चिठ्ठ्या त्यांनी रद्दीत घातल्या. मला नंतर कळलं. मी ओरडले तर म्हणाले, "अगं, आता ते तिकडे आहे की सगळं! डबल एंट्री कशाला ठेवायची?"

२०१४ साली त्या संगणकवाल्यानं सर्व्हर बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी साइट उघडली, तर सगळीकडे प्रश्नचिन्हं.

?????? : ?????? ????? ????

अशी नऊशे सात ओळी. फोन केला. तो म्हणाला, काळजी करू नका, बॅकअप आहे. आणि चार दिवसांनी त्यानं जी सीडी पाठवली त्यातही तीच नऊशे सात ओळींची प्रश्नचिन्हं होती. जुना सर्व्हर तोवर रिकामा करून दुसऱ्याला दिला गेला होता. त्या दिवशी मी ह्यांना एकच वाक्य बोलले. ते इथे लिहीत नाही. त्यानंतर ते संगणकासमोर बसले नाहीत, आणि २०१६ मध्ये गेले.

तर यासाठी मला करून नको होतं.

असो. भांडणाकडे वळते.

भाच्याचं म्हणणं पीएचपी. त्याची बाजू मजबूत आहे, आधीच सांगते. रॅस्मस लेरडॉर्फ नावाच्या माणसानं स्वतःच्या घरगुती पानासाठी केलेली काही अवजारं १९९५ साली सगळ्यांना खुली केली, म्हणून नाव 'पर्सनल होम पेज'. नाव इतकं साधं, आणि आज विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो ते पीएचपीत, वर्डप्रेस पीएचपीत, फेसबुकची सुरुवातसुद्धा पीएचपीतच. स्वस्तातली स्वस्त जागा भाड्यानं घ्या, तिथे पीएचपी असतेच. "मावशी, मराठी विकिपीडिया २००३ पासून त्याच्यावर उभा आहे, तुझे तीन हजार शब्द काय जड आहेत?"

याला उत्तर नव्हतं. मी फक्त म्हटलं, की ती आधीची साइटही पीएचपीतच होती. तो जरा दुखावला. मग त्यानं ती सीडी मागून घेतली, तासभर बघितली आणि जे सांगितलं ते मला बारा वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. दोष पीएचपीचा नव्हता. शब्द ठेवायचं कोठार, म्हणजे डेटाबेस, होता मायएसक्यूएल. २०१८ साली त्याची आठवी आवृत्ती येईपर्यंत तो, मुद्दाम काही सांगितलं नाही तर, युरोपातल्या लिपीचीच कोठी उघडून द्यायचा. त्या कोठीत देवनागरी अक्षर मावत नाही. मावलं नाही की तो अक्षरागणिक एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. नव्या सर्व्हरवर माल उतरवताना त्या माणसानं कोठीचं नाव सांगायचं राहून गेलं, एवढंच. आणखी गंमत म्हणजे ती कंपनी मूळची स्वीडनची, म्हणून शब्द लावायचा तिचा न सांगता धरलेला क्रम स्वीडिश भाषेचा! आमचं माळवं आणि कोरड्यास स्वीडिश वर्णक्रमानं लागून बसलं होतं म्हणायचं.

राग कुणावर धरायचा तेच कळेना.

नातीचं म्हणणं जावास्क्रिप्ट. "आजी, ब्राउझरला कळणारी भाषा हीच. ती तुला शिकावीच लागेल. मग मागच्या बाजूलाही तीच वापर." ही भाषा १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत बसवली. जावा तेव्हा जोरात होती म्हणून तिचं नाव हिला जोडलं, नातं काही नाही. आमच्याकडे आडनावावरून पाहुणे लावतात तसं. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं आणि ही भाषा ब्राउझरच्या बाहेर पडून सर्व्हरवरही चालायला लागली. नातीनं हौसेनं मला एक साचा उतरवून दिला. पडद्यावर 'नमस्कार' दाखवायचं होतं. त्या एका नमस्कारासाठी हजारो फायली उतरल्या. मी म्हटलं, एवढ्या वऱ्हाडाला जेवायला कोण घालणार? ती म्हणाली, ते आपोआप होतं. मी विचारलं, दहा वर्षांनी हे असंच चालेल का?

"दहा वर्षांनी कोण बघतंय आजी?"

ती प्रामाणिक आहे, तिच्या कामात दोन वर्षांनी सगळं नवीनच लिहितात. नंतर तिनंच सांगितलं, मार्च २०१६ मध्ये एका माणसानं रागानं आपल्या सगळ्या वस्तू त्या सामायिक कोठारातून काढून घेतल्या, त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा अकरा ओळींचा तुकडा होता, आणि त्या अकरा ओळींवाचून जगभर हजारो कामं अडली. हे ऐकल्यावर माझं मत पक्कं व्हायला वेळ लागला नाही. मला दहा वर्षांनी बघणाऱ्यासाठीच तर करायचं होतं. दहा वर्षांनी मी असेन-नसेन.

विद्यार्थिनीचं म्हणणं पायथॉन. "बाई, तुम्हाला आवडेल. तिच्यात शुद्धलेखन आहे." गुइडो व्हॅन रोसम या डच माणसानं १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. नाव अजगरावरून नाही, 'मॉन्टी पायथॉन' या इंग्रजी विनोदी मंडळींवरून. वेबसाठी तिच्यात जँगो नावाची चौकट आहे. ती अमेरिकेत कॅन्सासमधल्या लॉरेन्स या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झाली आणि २००५ मध्ये सगळ्यांना खुली झाली. वर्तमानपत्रातली म्हणजे घाईतल्या माणसांनी केलेली, हे मला आवडलं. (रुबी आणि जावा यांचीही नावं निघाली, पण त्यांचा वकील कोणी घरात नव्हता. पर्लचंही एकदा निघालं. ती आता कुणी मला शिकवणार नाही, पण तिचा कर्ता लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला. लिपी नसलेली एखादी भाषा शोधून तिला लिपी द्यायची असा त्याचा आणि त्याच्या बायकोचा बेत होता म्हणे. प्रकृतीमुळे तो राहिला. त्या माणसाला एकदा भेटायला हवं होतं.)

तिघांचंही पटत होतं, हीच पंचाईत. मग मी शाळेतला उपाय केला. परीक्षा घेतली. तिघांना एकच प्रश्नपत्रिका, दोनच प्रश्न.

पहिला प्रश्न: 'मराठी' या शब्दाची लांबी किती?

पीएचपी म्हणाली, १५. मी चष्मा पुसला. भाच्यानं खुलासा केला, की ही भाषा अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ठेवायला तीन बाइट लागतात. अक्षरं मोजायची असतील तर वेगळं अवजार आहे, ते वापरलं की ५ येतात. (पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीत मुळापासून युनिकोड आणायचं ठरलं होतं. बरीच वर्षं खपून २०१० मध्ये ते सोडून दिलं. म्हणून पाचानंतर एकदम सात. वर्गात एखादा मुलगा वरच्या इयत्तेत ढकलावा तसं!) जावास्क्रिप्ट आणि पायथॉन सरळ म्हणाल्या, ५. म, र, काना, ठ, वेलांटी. मी पस्तीस वर्षं मुलांना तीन सांगत आले, म-रा-ठी. पण पाचाचंही मला पटलं. पहिलीच्या मुलाला लिहायला शिकवताना आपणही पाचच सांगतो, 'र ला काना'.

दुसरा प्रश्न: १२ अधिक १ किती? अट एवढीच, की बारा मराठी आकड्यांत लिहिलेला असेल.

पीएचपीनं त्या '१२'चं शून्य केलं. तिला त्यात आकडा दिसलाच नाही. जावास्क्रिप्ट म्हणाली, हा आकडाच नव्हे. पायथॉन म्हणाली, १३.

मी आणखी एकदा करून बघितलं. १३.

पायथॉनला कुणी मराठी शिकवली असेल असं नाही. जगातल्या सगळ्या लिपींचे दशमान आकडे युनिकोडमध्ये आकडे म्हणून नोंदलेले आहेत, ती त्या नोंदीवर विश्वास ठेवते, इतकंच. पण ज्या बाईनं जन्मभर फळ्यावर मराठी आकड्यांत तारीख लिहिली तिला ते पुरे झालं. भाचा म्हणाला, "मावशी, भाषा अशी निवडत नाहीत." मी म्हटलं, मग सून कशी निवडतात? तीही एका वाक्यावरूनच पसंत पडते.

तरी पायथॉनचं सगळं गोड लागलं असं नाही. डिसेंबर २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात सगळा मजकूर युनिकोड धरायचं ठरलं आणि जुन्या भाषेतलं लिहिलेलं नव्यात चालेना. लोक वर्षानुवर्षं जुनीच कवटाळून बसले, शेवटी १ जानेवारी २०२० पासून जुनीला कायमची सुट्टी दिली. मला १९६२ आठवलं. शाळेत होते. महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि आमचे एक गुरुजी निवृत्त होईपर्यंत फळ्यावर जुनेच अनुस्वार देत राहिले. त्यांना कुणी तारीख दिली नव्हती.

शिकायला तीन महिने लागले. विद्यार्थिनी रविवारी फोनवर तासभर. पायथॉनमध्ये ओळ कुठून सुरू होते याला फार महत्त्व. आतली ओळ आतच हवी, नाहीतर ती काम थांबवते. पस्तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांवर 'समास सोडा' असं लाल शाईनं लिहिलं. आता मलाच लाल अक्षरांत तेच ऐकायला लागलं. पीएचपीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम आणि प्रत्येक नावाच्या कपाळाला डॉलर, तो जाच इथे नाही. आणि नावं चक्क मराठीत ठेवता येतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये 'शब्द', 'अर्थ', 'साल' असेच पेटारे आहेत. विद्यार्थिनीला ते रुचलं नाही. नंतर वाचणाऱ्याला त्रास होईल म्हणाली. मी म्हटलं, नंतर वाचणाऱ्याला मराठी येत नसेल तर त्याला या शब्दांशी काय करायचंय?

एक दणका मात्र बसला. अर्थाच्या वाक्यांतून शब्द सुटे करायचे होते. पुस्तकात त्यासाठी एक खूण दिली होती, 'शब्दातलं कुठलंही अक्षर' अशा अर्थाची. ती लावली आणि 'मराठी' दिला. उत्तर आलं: 'मर' आणि 'ठ'. त्या खुणेच्या लेखी काना आणि वेलांटी ही अक्षरंच नव्हती, तिथे शब्द तुटायचा! 'मर' वाचून त्या दिवशी मी संगणक बंदच केला. दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनी म्हणाली, बाई, ती खूण सोडा, सरळ मोकळ्या जागेवर तोडा. झालं.

आणि मग शब्द अनुक्रमानं लावताना पायथॉन पुन्हा नापास. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसवलाय, त्यामुळे 'मळा' आधी आणि 'मवाळ' नंतर. माझ्या वर्गातल्या तक्त्यावर ळ येतो ह च्या नंतर, आणि त्यापुढे क्ष, ज्ञ. नातीला फोन केला. तिनं ब्राउझरमध्ये एक ओळ लिहायला सांगितली, त्यात भाषा म्हणून मराठी सांगायची. ह, ळ, क्ष, ज्ञ! अगदी तक्त्यासारखं. बारा न ओळखणाऱ्या जावास्क्रिप्टला मराठी वर्णमाला मात्र पाठ होती. (पीएचपीतही तशी सोय आहे, असं भाच्यानं बजावून सांगितलंय. पायथॉनलाही बाहेरून जोड देता येते. कुणावर अन्याय नको.)

शेवटी ठरलं ते असं. शब्द ठेवायचे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका ओळीत एक शब्द. डेटाबेस नाही. भाच्याच्या मते ही माझी निव्वळ भीती आहे, आज नीट बसवलेल्या डेटाबेसमध्ये असं होत नाही. त्याचं खरं आहे, पण माझ्या फाइलला कुठल्याही संगणकावर उघडायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ती छापताही येते. त्या फाइलवरून पायथॉन पानं तयार करून ठेवते, एकेका अक्षराचं एकेक पान. शोधायला आणि अनुक्रम लावायला त्यात जावास्क्रिप्टच्या वीसेक ओळी, कुणाकडून काही न उतरवता. स्वयंपाकघर पायथॉनचं, ओसरी जावास्क्रिप्टची. आणि जागा भाच्याच्या सर्व्हरवर, जिथे सगळं पीएचपी आहे. दरवेळी नवी छापील प्रत चार गावांतल्या चार जुन्या विद्यार्थ्यांकडे जाते. डबल एंट्री नव्हे, सहापट.

आता खरं कारण सांगते, जे मी त्या दिवाळीत कुणालाच सांगितलं नव्हतं. ट्रंकेतल्या उरलेल्या बावीसशे चिठ्ठ्या भाचाही टाकून देऊ शकला असता. मला ती नऊशे सात प्रश्नचिन्हांची फाइल हवी होती. कारण भाच्यानं जे सहज सांगितलं, की अक्षरागणिक एक प्रश्नचिन्ह, ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणजे अक्षरं गेली, पण त्यांची संख्या राहिलीय! मोकळ्या जागा राहिल्यात. आणि ह्यांनी इंग्रजी आकड्यांत टाकलेली सालं जशीच्या तशी आहेत, ती त्या युरोपी कोठीत मावली. वर दिलेलीच ओळ घ्या. साल १९८७. शब्द सहा चिन्हांचा, अर्थ तीन शब्दांचा, सहा-पाच-चार. १९८७ च्या वर्गात मोटेचे शब्द बरेच आले होते हे मला आठवत होतं. थारोळं? थ, काना, र, मात्रा, ळ, अनुस्वार. सहा. सोंदूर? तेही सहा! पण थारोळं म्हणजे मोटेचं पाणी पडतं ती जागा, ते तीन शब्दांत बसेना. 'मोटेची बारीक दोरी'. सहा, पाच, चार. सोंदूर.

मी उठून पाणी प्यायले.

यासाठी पायथॉन हवी होती. प्रोग्रॅम लहानसा आहे. मी त्याला एक शब्द आणि त्याचा अर्थ देते, तो चिन्हं मोजतो आणि नऊशे सात ओळींपैकी कुठे बसतो ते सांगतो. 'माळवं : भाजीपाला' म्हणजे पाच आणि आठ. 'कोरड्यास : कालवण' म्हणजे आठ आणि पाच. दोन्ही सापडले, एकमेकांच्या उलटे. 'चऱ्हाट'नं मात्र घाम काढला, कारण त्यातला 'ऱ्ह' संगणकावर दोन-तीन तऱ्हांनी टाकता येतो, दिसतो सारखाच, पण कधी सहा चिन्हं भरतात कधी सात. ह्यांनी सातवाला टाकला होता. कोणत्या कळा दाबल्या असतील ते मी बसून शोधून काढलं.

शब्द कुठून आणायचे? त्या त्या वर्षीच्या मुलांकडून. ही मुलं आता पन्नाशीला आलीत. कुणी ट्रॅक्टर चालवतो, कुणी मुंबईत रिक्षा, एक सरपंच होऊन गेला. मी फोन करते, "अरे, सत्त्याऐंशी साली तू कुठला शब्द आणला होतास?" आधी हसतात. मग दोन दिवसांनी फोन येतो. "बाई, आईला इचारलं. बघा बसतोय का." आईला विचारता येतं तोवर हे करायचं आहे. काही घरांत आता विचारायला कुणी नाही. आतापर्यंत दोनशे चौदा ओळी सुटल्या. एखादा शब्द चार ठिकाणी बसतो, मग तो बाजूला ठेवते. अंदाजानं काही लिहायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलंय. ज्याच्यावर खात्री त्याच्यापुढे साल, बाकी न सुटलेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये.

एक ओळ मात्र मी मुख्य फाइलमध्येच ठेवली आहे. नऊशे सातवी, ह्यांनी टाकलेली शेवटची. तिला साल नाही. चिठ्ठीवर साल असायचंच, ते नसेल तर मी चिठ्ठी घेत नसे, आणि हे तर साल कधी विसरणारे नव्हेत. म्हणजे ती चिठ्ठीवरून टाकलेली नाही. त्यांचा स्वतःचा कुठला तरी शब्द. त्यांचं गाव माण तालुक्यातलं, आई निरक्षर, बोलायच्या मात्र भरभरून. सासूबाईंचे मला आठवतात तेवढे सगळे शब्द मी प्रोग्रॅमला देऊन पाहिले. चार चिन्हांचे अकरा निघाले, पण त्यांचे अर्थ मी कसेही फिरवून लिहिले तरी पुढच्या तीन शब्दांत बसत नाहीत. ह्यांनी कधी शब्दांचं कौतुक केलं नाही, शब्द विचारलाही नाही. आणि कुणाला न सांगता हा एक टाकला.

अनुक्रम लावताना प्रश्नचिन्ह 'अ'च्या आधी येतं. पायथॉनमध्ये येतं, जावास्क्रिप्टमध्येही येतं, पीएचपीतही येत असणार. त्यामुळे साइट उघडली की पहिली ओळ तीच दिसते. नात म्हणाली, "आजी, वरती काहीतरी चूक राहिलीय, काढून टाकू का?" मी म्हटलं, राहू दे.